लांबच्या जनावरासाठी पातं निवडताना

भादवा सरत आला की शेलारच्या वळणावर रिक्षात एक वास शिरतो. हळव्या भाताचा. दाण्यातलं दूध आटून तो घट्ट व्हायला लागला की शेतावरून असा वास सुटतो. कोमट, गोडसर, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. रस्त्याच्या एका अंगाला गोदामांचे निळे पत्रे, दुसऱ्या अंगाला लूमच्या शेडी, त्यांची खटखट, हवेत उडणारी रुई, आणि या सगळ्याच्या मधे अजून विकायची राहिलेली चार-पाच खाचरं. वास तिथून येतो. रिक्षातली माणसं खोल श्वास घेतात. परवा शेजारची बाई म्हणाली, "किती बरं वाटतं, नाही?" मी मान हलवली आणि ओढणी नाकावर घेतली.

सहा वर्षं झाली त्याला. फार मोठा काळ नव्हता तो. गणपती गेल्यापासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचा. एवढ्याशा दिवसांत मी माणूस म्हणून कशी आहे ते मला कळलं. पुष्कळांना ते आयुष्यभर कळत नाही, आणि त्यांचं बरं चाललेलं असतं.

मी आयटीआय केलेली बाई. नासिरशेठच्या कारखान्यात माल तपासते. शेठ इथले जुने कोकणी मुसलमान. त्यांच्या वडिलांचे लूम होते. धंदा बसला तेव्हा शेठनी लूम भंगारात दिले, त्याच शेडमध्ये ग्राइंडिंगची मशिनं टाकली आणि कापायच्या वस्तू बनवायला लागले. आधी कापड कापायची पाती, मग कागदाची, मग चामड्याची. मशिनं बदलली तरी शेडच्या कौलांतून जुनी रुई अजून पडायची. पात्यावर तिचा एक धागा पडला आणि त्याचे आपसूक दोन तुकडे झाले, की शेठ खूश व्हायचे. "ये देखो वैशाली, परीक्षा झाली."

माझ्या हाताखाली सहा बाया होत्या. आम्ही भिंगाखाली पाती बघायचो, मापायचो, तेल लावून डबीत ठेवायचो. धार लावायचा लखमादादा. दिघाशीचा वारली, तेव्हा पंचावन्नच्या आसपासचा. दगडावर पातं धरताना तो डोळे मिटायचा आणि आवाजावरून धार ओळखायचा. त्याच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एक केस नव्हता. तिथेच तो धार तपासायचा. गावाकडे तुकडाभर भातशेती होती, ती बायको जानकी बघायची. तो रोज सायकलवरून यायचा, डब्यात भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी.

त्या भादव्यात मुंबईहून विक्रांत नावाचा एजंट आला. परदेशातल्या एका कंपनीला बाणाची पाती हवी होती. खेळातल्या बाणांची नाहीत, शिकारीच्या बाणांची. तिकडे डोंगरात एल्क नावाचं जनावर असतं, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. उंचीला घोडा, वजनाला म्हैस, डोक्यावर फांद्याफांद्यांची शिंगं. तिकडचे लोक परवाना काढून धनुष्यबाणानं त्याची शिकार करतात. हंगाम हाच, आपलं भात भरतं तेव्हाचा. विक्रांतनं तीन नमुने टेबलावर ठेवले. "तिन्ही बनवता येतील तुम्हाला. पण ऑर्डर एकाचीच. तुम्ही टेस्ट करून सांगा, एल्कसाठी कुठलं. निवड तुमची, जबाबदारी पण तुमची."

पहिलं तीन पात्यांचं, घट्ट जोडलेलं. बायांनी त्याला तिपाती म्हटलं. दुसऱ्याची दोन पाती पोटात मिटलेली असायची आणि जनावराला लागताच फटकन बाहेरच्या बाजूला उघडायची. ती छत्री. तिसरं एकाच जाड पत्र्यातून कापलेलं, रुंद बुडाचं आणि निमुळत्या टोकाचं. त्याचं पिंपळपान झालं. नावं ठेवून आम्ही हसलोसुद्धा. नाव ठेवलं की वस्तू घरची वाटते.

शेडच्या मागे, जिथे पूर्वी सूत गुंडाळलेले बीम ठेवायचे, तिथे आम्ही जागा केली. विक्रांतनं दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य आणलं होतं. तो कुठल्याशा क्लबात हौसेनं शिकला होता. आधी पारदर्शक जेलीच्या ठोकळ्यावर बाण मारले. मग शेठनी ओळखीच्या खाटकाकडून म्हशीचा अख्खा खांदा मागवला, कातड्यासकट. तो दोरीनं टांगला. भादव्याचं ऊन, माश्या, रक्ताचा जड वास आणि कुंपणापलीकडच्या खाचरातून येणारा तो गोड वास. दोन्ही वास एकमेकांत मिसळले आणि तेव्हापासून मला ते वेगळे करता आलेले नाहीत.

मी वही घेऊन उभी. प्रत्येक बाण किती आत गेला, पातं वाकलं का, भोक केवढं. छत्रीचं भोक बघण्यासारखं असायचं. तळहात जाईल एवढी चीर. जेलीत तर ती फूल उमलावं तशी उघडलेली दिसायची, विक्रांत तिचे फोटो काढायचा. पण खांद्याच्या पसरट हाडावर बसली की ती तिथेच अडायची. उघडण्यात तिचा जोर संपायचा. दोनदा तिची पिन वाकली आणि एकच पातं उघडलं. तिपातीचं मधलंच. पिंपळपानाची चीर अरुंद, दिसायला काही विशेष नाही, पण ते हाड फोडून पलीकडे जायचं आणि मागच्या फळीत रुतायचं.

लखमादादा बिडी विझवून जवळ आला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, ह्ये घ्या," तो पिंपळपानाकडे बोट करून म्हणाला. "आमचा बा असलंच ठोकायचा लोखंडाचं. पातं आरपार जाया पाहिजे. दोन भोकं पडली की जनावार लवकर पडतं. आत अडकलं तर ते मरत बी न्हाय न् जगत बी न्हाय."

"छत्रीचं भोक मोठं आहे, दादा. रक्त जास्त जातं."

"हाड लागलं तर?"

"हाडाला मारायचंच नाही. शिकाऱ्यानं बरगडीत मारायचं."

तो हसला. "जनावार काय उभं राहून सांगतं काय, हिकडं मार म्हून?"

सहा बाया हसल्या. विक्रांतही हसला. माझ्या कानशिलावर ऊन चढल्यासारखं झालं. मी वही मिटली. "दादा, तुम्ही धार लावा. लिहिता-वाचता येत नाही तिथे बोलू नका. निवड करायला मला ठेवलंय."

लखमादादानं मान खाली घातली, आपल्या केस नसलेल्या हातावरून एकदा हात फिरवला आणि दगडापाशी जाऊन बसला. मशीन सुरू झालं. मी शाळेत असताना एका मास्तरांनी माझ्या वडिलांना सगळ्यांसमोर असंच काहीतरी म्हटलं होतं. ते मला पाठ होतं. तरी मी तेच म्हणाले. की पाठ होतं म्हणूनच इतकं सफाईनं म्हणता आलं, कोण जाणे.

आता खरं सांगायचं तर दादाचं बरोबर आहे हे मला त्याच्याही आधी कळलं होतं. माझ्या वहीत ते स्पष्ट होतं. पण पिंपळपान एका पत्र्याचं. मशिननं कापायचं, धार लावायची, डबीत टाकायचं. त्याला तपासायला एक बाई पुष्कळ. छत्रीला दोन पाती, पिन, स्प्रिंग, वरचं टोक; जोडायचं, उघडून बघायचं, मिटायचं. त्याला सहा बायाही कमी पडणार होत्या आणि त्या सहांवर एक मुख्य लागणार होती. दोन बायांच्या नवऱ्यांचं लूमवरचं काम सुटलेलं होतं, एकीचं तिसरं बाळंतपण जवळ आलेलं. मी स्वतःला सांगितलं की मी हे त्यांच्यासाठी करतेय. निम्मं खरं होतं. निम्म्या खऱ्यावर माणूस काहीही उभारू शकतो.

कागदावर मी लिहिलं, एल्कसाठी छत्री योग्य. पिन वाकल्याच्या दोन नोंदी मी नव्या पानावर उतरवल्याच नाहीत.

तो वर्षावासाचा काळ होता. संध्याकाळी पांढरी साडी नेसून मी आईबरोबर विहारात जायची. मेणबत्त्यांचा उजेड, उदबत्ती, बाहेर लूमची अखंड खटखट. सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हणायची. पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. माझा आवाज चांगला आहे म्हणून मला पुढे बसवायचे. एकदाही माझा आवाज कापला नाही. पुस्तकात असतं तसं काही होत नाही. नखांत ग्राइंडिंगचं काळं तेल असतं आणि हात जोडलेले असतात, एवढंच.

आठवड्यानं विक्रांतचा फोन आला. कंपनीला छत्री आवडली होती, पण जेली आणि टांगलेला खांदा बघून त्यांचं समाधान नव्हतं. जिवंत जनावरावरचा एक व्हिडिओ हवा होता. देश, गाव काही दिसायला नको. नुसतं जनावर आणि बाण.

शेठनी कानाला हात लावले. "नको बाबा. शिकार म्हणजे आत जायचं काम. ये अपना धंदा नहीं." ते नमाजाला निघाले होते, टोपी हातात होती. ऑर्डर गेली तर जाऊ दे म्हणाले.

त्यांना मी थांबवलं. "शेठ, लखमादादाच्या भातात रानडुकरं पडतात. तो रोज डबा खाताना सांगतो. अर्धं खाचर लोळवलंय. डुक्कर तर नुकसानच करतं. पहाटे जायचं, उजाडता उजाडता उरकायचं. कुणाला कळणार?"

शेठनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. "तू सांगतेस?" ते म्हणाले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ते ऐकले नसते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, मी मोजून-मापून बोलणारी बाई म्हणून.

लखमादादाला मीच विचारलं. तो नाही म्हणू शकला असता. पण डुकरांनी खरंच नाकी नऊ आणले होते, आणि शेठचा शब्द होता. त्यानं एकच अट घातली. "छत्री नको. पिंपळपान लावा. नराच्या खांद्यावर ढाल असते, ताई. चिखलात लोळून, झाडाला घासून जाड झालेली. छत्री तिथंच उघडंल."

"विकायचं आहे तेच दाखवायला लागतं," मी म्हणाले.

दिघाशीला आम्ही पोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. गाडी रस्त्यावर ठेवून बांधावरून चालत गेलो. पायाखाली थंड ओलं गवत, लोंब्यांवर दव, सगळं खाचर एका बाजूला कलंडलेलं. दूरच्या गोदामांचे दिवे अजून जळत होते. शेताच्या कडेला ओहोळ, त्याच्या काठाला करवंदीची दाट जाळी. डुकरं रात्रभर खाऊन त्या जाळीत परततात, दादानं सांगितलं. त्यानं आम्हाला बांधाआड बसवलं. वारा आमच्याकडे येत होता. विक्रांतनं मोबाइल बांधावर टेकवून चालू केला आणि हात मागे केला, मी डबी उघडून छत्री त्याच्या तळहातावर ठेवली. ती मीच जोडली होती, मीच तपासली होती.

मग चुबुक चुबुक आवाज आला, कुणी तोंड उघडं ठेवून जेवावं तसा. भात हललं आणि तो बाहेर आला. एकटाच नर. काळा, पाठीवर उभी आयाळ, तोंडाला भाताचा पांढरा चीक. मी त्याआधी रानडुक्कर पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं घाणेरडं काहीतरी असेल. तो बांधावर थांबून नाक वर करून पूर्वेकडे बघत होता. ऊन अंगावर घ्यायला थांबलेल्या म्हाताऱ्यासारखा.

"वळू द्या," दादा कुजबुजला. "आता मारू नका. खांदा हाय समोर."

विक्रांतनं बाण सोडला.

ओल्या चिखलात मोगरी मारावी तसा आवाज झाला. बाण खांद्यात वीतभरसुद्धा गेला नाही. डुक्कर ओरडलं. तो आवाज लिहिता येत नाही. लूमच्या शेडमध्ये पट्ट्यात एका बाईचा हात सापडला होता, तेव्हा मी तसा ऐकला होता. ते गोल फिरलं, बाण बांधावर आपटला, मोडला, आणि चीर आणखी फाटली. भातावर लाल शिंतोडे उडाले. मग ते जाळीत घुसलं.

विक्रांत मोबाइल बघत होता. "एक नंबर. रक्त बघा किती आलंय. पळाल्याचा भाग व्हिडिओतून कापून टाकू, तेवढं पुरे."

"पुरं न्हाय," दादा म्हणाला. "ते मेलं न्हाय."

"मरेल."

"कवा?"

विक्रांतनं धनुष्य पिशवीत घातलं. उजाडलं होतं, रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. शेठचा फोन आला, लगेच निघा, कुणी पाहायला नको. दादा मात्र बांधावर उभा होता. त्यानं कमरेची कोयती काढून हातात घेतली.

"दादा, चला," मी म्हणाले.

"तुमी जावा. जखमी जनावार सोडून घरी जात न्हाईत. आणि थोड्या येळानं बाया गवताला येतील ओहोळावर. जानकी बी येईल."

"मग बायांना येऊ नका म्हणून सांगा. तुम्ही कशाला आत जाता?"

"अर्धं मारलंय न्हवं? अर्धं कोण मारंल?"

त्यानं मला दोष दिला नाही. 'आपण मारलंय' असंच तो बोलत होता, जसं काही तो आणि मी एका बाजूला होतो. मी गाडीत बसले. मागच्या काचेतून तो दिसला, वाकून भाताच्या पानांवरचं रक्त बघत, एकेक पाऊल टाकत जाळीकडे जाणारा. राहनाळच्या पुढे विक्रांतनं गाडी थांबवली आणि आम्ही वडापाव खाल्ला. मला भूक लागली होती. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

अकराच्या सुमाराला कारखान्यात फोन आला. गवताला आलेल्या बायांना दादा ओहोळात सापडला होता. डुकरानं त्याची मांडी सुळ्यानं वरपासून खालपर्यंत उसवली होती. आधी भिवंडीत, मग ठाण्याला नेलं. जीव वाचला. आठव्या दिवशी उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

त्या मधल्या दिवसांत मी त्याला भेटायला गेले. एकटीच गेले. रानडुकरानं माणसाला जखमी केलं तर सरकारी भरपाई मिळते, पण बाण मारल्याचं कळलं तर शेठ, विक्रांत, मी आणि दादा, सगळेच अडकणार होतो. शेठ दवाखान्याचा सगळा भार उचलत होते. ते रडत होते, मला म्हणाले, मी काही सांगू शकत नाही त्याला, तू जा. मी गेले. दादाला ताप होता. पट्टीखालून पिवळट पाणी झिरपत होतं. जानकी पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली होती, पदराचं टोक दातांत धरून.

"दादा, फॉरेस्टचे साहेब येतील. सांगा की भात बघायला गेलो आणि डुक्कर अंगावर आलं."

त्यानं डोळे उघडले. "आणि बाण?"

"कुठला बाण?"

मी त्याच आवाजात परत विचारलं, मुलाकडून धडा घोकून घ्यावा तसं, "कुठला बाण, दादा?"

"कुठला बी न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"परत सांगा. नीट सांगा. भात बघायला गेलो."

"भात बघाया गेलो."

मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा त्यानं न अडखळता म्हटलं, तेव्हा मी उठले.

डुक्कर आणखी तीन दिवस जगलं. गावातले लोक जाळीजवळ जात नव्हते. आवाज यायचा, दुपारी जास्त. चौथ्या दिवशी घारी उतरल्या. हे मला जानकीनं सांगितलं. ती कारखान्यात आली, बायांसमोर सरळ माझ्या टेबलापाशी. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून छत्री माझ्या वहीवर ठेवली. तिला अजून वास होता. एक पातं उघडलेलं, एक मिटलेलं.

"तुमची वस्तू ऱ्हायली व्हती," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं असेल म्हणून मी थांबले. पण तिनं पिशवीची घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचली आणि गेली.

तिनं ती मला लाजवायला आणली असेल. मी काय केलं? मी ती केरोसिनमध्ये धुतली आणि भिंगाखाली धरली. पिन कुठे वाकली ते स्पष्ट दिसत होतं. म्हशीच्या खांद्यावर जे नीट कळलं नव्हतं ते जिवंत हाडावर कळलं होतं. मी पिन जाड करायला सांगितली, स्प्रिंग थोडी सैल. नवा नमुना गेला, ऑर्डर आली, पुढे दुसरीही आली. अश्विन पौर्णिमेला विहारात खीर होती. माझ्या सहा बायांपैकी चौघी आल्या होत्या, नव्या साड्या नेसून. एकीनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, म्हणाली, ताई, तुमच्यामुळे चूल पेटतेय. मी तिला उचलून मिठी मारली आणि मला खरोखर आनंद झाला.

हा आनंद मला फार दिवस कळत नव्हता. आपल्याला सांगितलेलं असतं की वाईट केलं की झोप उडते, अन्न गोड लागत नाही. मला झोप लागायची. खीर गोड होती. माणसाच्या आत कुठेतरी एक पातं मिटून बसलेलं असतं म्हणावं, तर तेही खोटं आहे. आत काही नसतं, बाहेरच असतं सगळं, दिवसाउजेडी, आपल्या हातात. मी लखमादादाला मुद्दाम काही केलं नाही. मी फक्त प्रत्येक वेळी जे सोपं होतं ते निवडलं, आणि ते करताना माझा चेहरा नेहमी जबाबदार बाईचा होता.

आज आमच्या शेडमध्ये चौदा बाया आहेत. दगडावर आता मशीन धार लावतं. शेठ थकले, त्यांचा जावई बघतो. दादाच्या घरी किराणा अजूनही शेठकडून जातो, त्यात खंड नाही. तो पोचवायला कुणी ना कुणी जातं. मी कधी गेले नव्हते. या वर्षी शेठ म्हणाले, "वैशाली, एक बार तू जा. तो तुझी चौकशी करतो."

गेल्या रविवारी गेले. भात तसंच उभं होतं, कलंडलेलं, वास तोच. लखमादादा ओट्यावर बसला होता, कुबडी शेजारी. केस पांढरे झाले होते. डाव्या हातावर केस आले होते, तेही पांढरे. "या ताई," तो म्हणाला. "लय दिसांनी." जानकीनं आतून पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. आम्ही पावसाबद्दल बोललो, त्याच्या नातीच्या शाळेबद्दल बोललो. मग तो म्हणाला, "ताई, एक इचारू? ते जनावार कसं असतं वो? आपण त्याच्यासाठी येवढी पाती केली, मी कवा बघितलंच न्हाय."

कंपनी आम्हाला गिऱ्हाइकांचे फोटो पाठवते. माझ्या मोबाइलमध्ये होते. मी त्यातला एक उघडला. बर्फाचे डोंगर, पिवळं गवत, आणि गवतात पडलेलं ते, फांद्यांएवढी शिंगं एका बाजूला कलंडलेली, पाठीमागे हसणारा एक माणूस. दादानं मोबाइल दोन्ही हातांत धरला, दूर नेला, जवळ आणला.

"केवढं देखणं हाय," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कुठं लागला ह्याला?"

मी बोटानं दाखवलं. बरगडीच्या मागे, पोटाकडे.

"आपलंच पातं?"

"हो."

"मग लवकर पडलं का?"

फोटोखाली त्या माणसानं इंग्रजीत सगळं लिहिलं होतं. बाण संध्याकाळी लागला, अंधारात माग हरवला, रात्रभर त्याचा आवाज येत होता, दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं तेव्हा अजून श्वास चालू होता. मी ते कितीदा तरी वाचलेलं. दादाला वाचता येत नव्हतं.

"लगेच," मी म्हणाले. "जागच्या जागी."

त्यानं सुस्कारा सोडला. उरलेल्या मांडीवरून हात फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजी तुमी निवडलेलं चांगलंच व्हतं, ताई. मलाच कळलं नव्हतं."

जानकी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी कप घेतला आणि दादाला म्हणाले, "हो."